पलीकडच्या काठावरून येणारा फोन

मी बोलतोय. दचकू नका, पलीकडे कुणी नाही. मी स्वतःच बोलतोय, साहेबांच्या टेबलावरचा टेलिफोन. जन्मभर लोक माझ्यातून बोलले, माझ्याशी मात्र कुणी बोललं नाही. शिव्या, रडगाणी, उसासे सगळं माझ्यातून गेलं, आणि बोलून झालं की मला आपटून मंडळी मोकळी! आज ऑफिसात चिटपाखरू नाही, म्हणून म्हटलं, चार शब्द आपलेही बोलून घ्यावेत.

रंगाने मी मूळचा दुधी, आता पिवळट पडलोय. माझी तबकडी गोल आहे, बोट घालून फिरवायची. कारखान्यात एका मुलीने मला कानाला लावून "ऐकू येतंय का?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता खोक्यात घातलं. माझं बारसं म्हणा हवं तर.

पहिली नेमणूक झाली ती एका सरकारी विश्रामगृहात. टेकडीवरची देखणी इमारत, पण पाहुणा म्हणाल तर औषधालाही नाही! तीन माळी होते, एक आचारी होता. माळी बाग राखायचे, आचारी माळ्यांसाठी स्वयंपाक करायचा, आणि चौघांचे पगार सरकार द्यायचं. मी कोपऱ्यात धूळ खात पडलेलो. वर्षानुवर्षं वाजलोच नाही हो! आपण मुके आहोत की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस साहेब आले. तेव्हा नुकतेच निवडून आले होते. त्याआधी शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, न चुरगळलेल्या चादरी पाहिल्या आणि आचाऱ्याला विचारलं, "शेवटचा पाहुणा कधी आला होता?" आचाऱ्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तुम्हीच की!"

विश्रामगृह बंद झालं. माळ्यांना शहरातल्या बागेत काम मिळालं, सामानाचा लिलाव झाला, आणि साहेबांनी मला स्वतःच्या खिशातून विकत घेतलं. तेव्हा काटकसरीवर मी राग धरावा तरी कसा? तिनेच मला माणसांत आणलं.

साहेबांचं ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानाशेजारची एक खोली. पलीकडे शिलाई मशीन घरघरायचं आणि इकडे मी. काय दिवस होते ते! सकाळी कुलूप उघडायच्या आधीच मी वाजायला लागायचो. गल्लीतला दिवा लागत नाही, गटारावरचं झाकण चोरीला गेलं, म्हाताऱ्याचं निवृत्तिवेतन अडलंय. एक बाई तर मुलगा अभ्यास करत नाही म्हणून फोन करायच्या, आणि साहेब त्या मुलाला फोनवर घेऊन पाढे म्हणायला लावायचे. पाण्याच्या खात्यातल्या इंजिनिअरला त्यांनी इतके फोन केले, की त्याची बायको आवाज ओळखून म्हणायची, "निघालेत हो ते, पाना घेऊनच निघालेत!"

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला चिटणीस बाई बसायच्या. कडक बाई. साहेबांचा चिकटपणा त्या तोंडावर काढायच्या. "साहेब, या फोनच्या वायरीला आता चिकटपट्टी लावायलाही जागा उरली नाही. नवा घ्या!" साहेब म्हणायचे, "चालतोय ना? मग कशाला?" मी मनात म्हणायचो, चालतोय, साहेब, चालतोय!

आणि संध्याकाळी दिवे लागले की अक्कांचा फोन यायचा.

अक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांना तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं. सगळं राज्य ज्यांना साहेब म्हणतं त्यांना त्या "छोट्या" म्हणायच्या, आणि शर्टाची बटणं जागेवर आहेत का, हे फोनवर ओरडून विचारायच्या. राहायच्या नदीच्या पलीकडे, एका लहानशा वस्तीत. यजमान गेल्यावरही घर सोडलं नाही. चार शेळ्या, लिंबाची झाडं आणि भांडायला शेजारीण, यात त्या खूश होत्या. वस्तीवरून इकडे यायचं तर सरकारी होडी होती, पगारी नावाडी होता. पुलावरून रस्ता आहे, पण तो एवढा वळसा घालतो की अर्धा दिवस त्यातच जातो. बाजाराच्या दिवशी अक्का होडीतून यायच्या, ऑफिसात टेकायच्या, आणि "काय रे हा मळ!" म्हणत ओल्या फडक्याने मला पुसायच्या. मला पुसणारं दुसरं कुणी नव्हतं.

साहेबांचं नाव पुढे राजधानीत गाजलं. सरकारी खर्चाला शिस्त लावायचं काम त्यांच्याकडे आलं. टाइपरायटर दुरुस्तीचं एक खातं त्यांनी शोधून काढलं, जिथे दुरुस्तीला टाइपरायटरच नव्हते. मग त्यांनी नियम केला: सरकारी पैशावर चालणारी जी सोय लोक फारशी वापरत नाहीत, ती बंद. वाचलेला पैसा जिथे गर्दी आहे तिथे. राज्यभरातून आकडे मागवले. कुणाला आकडा चुकलाय असं वाटलं, तर त्या भागाच्या प्रतिनिधीने उठून फेरमोजणी मागायची.

झालं! प्रत्येकालाच आपल्या भागातला आकडा चुकलेला वाटायला लागला. मोठमोठे सभासद माझ्यातून गयावया करायचे. साहेबांनी भर सभागृहात त्यांची टर उडवली. म्हणाले, "दुसऱ्याचा खर्च उधळपट्टी आणि आपला तेवढा सेवा, हे मी चालू देणार नाही." सभागृह हसलं, फेरमोजण्या बारगळल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

मग आपल्या भागाचे आकडे आले. चिटणीस बाई वाचता वाचता थांबल्या. "साहेब, होडी. दिवसाला दोन-तीनच उतारू."

"एवढेच?" साहेब म्हणाले.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला तो हसतच. "अरे छोट्या, गंमत ऐक. तुझ्या माणसांनी नावाड्याला उतारू मोजायला सांगितले ना? त्याने आम्हाला मोजलंच नाही! मी विचारलं त्याला. तर म्हणतो, 'अक्का, घरच्या माणसांना काय मोजायचं? उतारू म्हणजे परका माणूस. परके आले तेवढे मोजले.' पोरं शाळेला जातात, बायका बाजाराला जातात, आम्ही सगळे त्याच्या घरचे!"

साहेबही हसले.

"तू फेरमोजणी माग ना," अक्का म्हणाल्या.

"अक्का, मी कसा मागू? ज्यांनी मागितली त्यांची मी टिंगल केली. आता माझ्याच बहिणीच्या होडीसाठी उभा राहिलो, तर उद्या प्रत्येक जण उभा राहील. सगळं केलेलं पाण्यात जाईल."

"होडी काय माझ्या एकटीची आहे?"

"लोक तसंच म्हणणार."

"लोकांचं सोड रे. आकडा खोटा आहे, हे तुला कळलं ना आता?"

मी दोघांच्या मध्ये. इकडून साहेबांचा श्वास ऐकू येत होता, तिकडून शेळ्यांचा आवाज. बोला ना साहेब, अहो, बोला! ते म्हणाले, "तू इकडे राहायला ये, मी खोली बघतो." अक्का म्हणाल्या, "बरं, ठेवते."

यादी जशीच्या तशी मंजूर झाली. होडी बंद.

आणि मग अभिनंदनाचे फोन! दिवसभर माझी घंटा थांबेना. "मानलं बुवा, स्वतःच्या बहिणीची होडीसुद्धा सोडली नाही!" जो तो तेच बोलायचा. साहेब प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणायचे, आणि त्यांच्या तळहाताला फुटलेला घाम मला लागायचा. त्या कौतुकाचा त्यांना त्रास होत होता, हे एकट्या मलाच कळत होतं. मी कुणाला सांगणार?

नावाड्याला इकडच्या काठावर सरकारी गोदामाचा पहारेकरी केलं. एकदा तो ऑफिसात आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. "साहेब, सगळे मोजायचे होते तर नीट सांगायचं तरी. मी वासरंसुद्धा मोजली असती." रागावला नव्हता बिचारा, स्वतःलाच दोष देत होता. "तुझी चूक नाही," एवढंच साहेब म्हणाले.

अक्कांचे फोन चालू होते, पण त्यांच्यातून बातम्या येऊ लागल्या. आधी शाळेच्या पोरांची बिऱ्हाडं इकडच्या काठावर आली. मग ज्यांच्या घरी आजारी माणूस होतं, ती आली. एका संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "शेजारीण गेली आज. जाताना कोंबड्या माझ्याकडे सोडून गेली. आता भांडू कुणाशी? कोंबड्यांशी?"

"तू ये ना इकडे," साहेब म्हणाले.

"येते की. होडी पाठव."

भेटायला जायचं त्यांनी कितीदा ठरवलं. गाडी काढायचे, मग पुलापर्यंतचा रस्ता आठवायचा, सभा आठवायची, आणि बेत पुढच्या आठवड्यावर जायचा. तोंड दाखवायची लाज वाटत होती, दुसरं काय!

मग शेवटचा फोन आला. अक्का नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत, शर्टाच्या बटणांची चौकशी नाही, काही नाही. शांतपणे म्हणाल्या, "छोट्या, आज उरलेलं बिऱ्हाडही गेलं. आता इथे मी आणि तो पिठाच्या गिरणीवाला म्हातारा, दोघंच. म्हटलं तुला कळवावं. तुझा आकडा आता खरा झाला."

आणि त्यांनी फोन ठेवला. आपटला असता तर बरं वाटलं असतं मला. अलगद ठेवला.

त्यानंतर अक्कांचा फोन आला नाही. तसा हल्ली कुणाचाच येत नाही. तक्रारींसाठी राजधानीत एकच नंबर केलाय, सगळ्या राज्याला मिळून. तो स्वस्त पडतो. तिथे एक गोड आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणतो. चिटणीस बाईंना तिकडे बोलावून घेतलं. जाताना त्या माझ्या वायरीवरून हात फिरवून म्हणाल्या, "साहेबांकडे लक्ष ठेव रे." मी लक्ष ठेवून आहे. या महिन्याअखेर माझीही लाइन कापणार आहेत. तसं व्हायलाच हवं, मला काय आता कुणी वापरत नाही.

साहेब मात्र रोज संध्याकाळी येतात. कुलूप उघडतात, दिवा न लावता खुर्चीत बसतात. मला उचलून कानाला लावतात, मी चालू आहे की नाही ते बघतात आणि ठेवून देतात. एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका शब्दावर खाती बंद होतात, तो अंधारात एका जुन्या फोनसमोर हात मांडीवर ठेवून बसतो. मला फार वाईट वाटतं.

काल मात्र त्यांनी अक्कांचा नंबर फिरवला. पहिल्यांदाच. तबकडी मधेच सुटली, पुन्हा पहिल्यापासून फिरवला. लागला! तिकडे घंटा वाजायला लागली. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. चार-दोनदा वाजली असेल नसेल, आणि साहेबांनी घाईघाईने मला खाली ठेवलं. "नसेल ती घरात," असं स्वतःशीच पुटपुटले आणि कुलूप लावून निघून गेले.

अहो, घरात नसून जाणार कुठे? शेळ्या बांधत असतील, कोंबड्या डालत असतील. घंटा ऐकून हातातलं टाकून निघाल्या असतील. वय झालंय त्यांचं, अंगणातून फोनपर्यंत यायला वेळ लागतो. आणि उंबऱ्यावर पोचतात तोच घंटा थांबली असेल.

साहेब, आज आलात की पुन्हा लावा. होडीचं काही बोलू नका, माफीचंही राहू द्या. जेवलीस का, एवढं विचारलंत तरी पुरे. फक्त लगेच ठेवू नका. थोडा वेळ धरून ठेवा. त्या येताहेत.