आठवा ठोकळा

लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांच्या प्रयोगशाळेत सुताराचं काय काम, असं जो तो विचारायचा. सुतारकाकांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी शिंपल्यांना वाढतो, आणि त्यांचं जेवण झालं की ताटं उचलतो."

बोलण्यात गंमत असली तरी काम तेच होतं. नद्यांबरोबर वाहून आलेले ओंडके समुद्रात भिजून जड होतात आणि तळाला जाऊन बसतात. तिथल्या काळोखात वाटाण्याएवढे शिंपले त्यांच्यात शिरतात आणि वर्षभरात लाकडाची चाळण करून टाकतात. त्यांच्या जाती पुष्कळ. कुठली जात किती खोलवर राहते, हे शोधण्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची सहा वर्षं गेली होती. त्यासाठी काकांनी तीन फळ्या आणल्या, प्रत्येकीचे ओळीनं आठ ठोकळे कापले आणि तीन लोखंडी सांगाड्यांत आवळून बसवले. एका सांगाड्याला एक फळी. पहिला सांगाडा पाचशे मीटरवर सोडला, दुसरा दीड हजारावर, तिसरा तीन हजारांवर. वर्षानं जहाज घेऊन जाऊन तिन्ही वर काढले आणि प्रत्येकाचे ठोकळे वेगळ्या टबात भरले.

आता एकेक ठोकळा पटाशीनं अलगद फोडायचा, आणि मॅडमनी आतले शिंपले चिमट्यानं उचलायचे, असं चाललं होतं. पटाशी जरा जोरात बसली की शिंपल्याचा भुगा. मॅडम म्हणायच्या, "काका, तुमच्या हातावर माझं सगळं काम उभं आहे." हे ऐकून काका आधी सुखावायचे. त्या सोमवारपासून मात्र तेच वाक्य त्यांना नकोसं झालं.

सोमवारी तीन हजार मीटरच्या टबातला शेवटचा, आठवा ठोकळा फोडायला घेतला. मॅडमनी त्यातला एक शिंपला सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्या उभ्याच राहिल्या.

"काका! ही वरची जात आहे. पाचशे मीटरवाली! पाठीवरची ही पट्टी बघा, ही शेपटीसारखी नळी बघा. आणि हे कणाएवढे नर, बायकोच्या पाठीवर चढून बसलेत!"

"ही इथं कशी?" काकांनी विचारलं.

"तेच तर! म्हणजे हिची पिल्लं अडीच हजार मीटर खाली उतरून जगतात. आजवर असं कुणी म्हटलेलं नाही. गुरुवारी दुपारपर्यंत अहवाल पाठवायचाय, त्यात हे पहिलं जाणार."

काकांनी मान हलवली. हातातली पटाशी खाली ठेवून त्यांनी ठोकळ्याची फुटलेली बाजू निरखली.

तीन हजाराची फळी सरळ रेषांची होती. तिचे आधीचे सातही ठोकळे पटाशी टेकवताच एका रेषेत उकलले होते. हा आठवा मात्र वाकडा फुटला. रेषा वळत वळत बाजूला पळाली. असं वळणाचं लाकूड फक्त पाचशे मीटरच्या फळीचं होतं.

आणि काकांना डेक आठवला.

सांगाडे वर आले त्या दिवशी जहाज हेलकावत होतं. काकांना सकाळपासून उलट्या होत होत्या. ठोकळे सोडवून टबात भरताना एक मोठी लाट आली, पाचशेचा आणि तीन हजाराचा असे दोन टब कलंडले. एक ठोकळा कठड्याखालून घसरून समुद्रात गेला, दुसरा त्यांच्या पायाशी येऊन अडला. दोन्हींचे नंबराचे बिल्ले कधीच गळून पडले होते, कारण बिल्ल्याची दोरी बांधलेली कडच शिंपल्यांनी खाल्ली होती. काकांनी पायाशी अडलेला ठोकळा उचलला, डोळ्यांपुढची अंधारी सावरत खोलवरच्या टबात टाकला आणि ओरडून सांगितलं, "वरच्यातला एक गेला!" मॅडमनी तसं वहीत लिहून घेतलं. एवढंच. तेव्हा त्यांना खात्री होती की नव्हती, हे आता काही केल्या आठवत नव्हतं.

मंगळवारी मॅडम बैठकीला गेल्या, तेव्हा काकांनी कार्यशाळेचं दार लावून घेतलं. सांगाड्याच्या पट्ट्या ठोकळ्यांच्या दोन्ही टोकांना आवळलेल्या असल्यामुळे तिथलं बोटभर लाकूड शाबूत राहिलं होतं. काकांनी आठव्याचं टोक पुसलं आणि वरच्या सांगाड्यातल्या ठोकळ्यांच्या टोकांना एकेक करून लावून पाहिलं. पहिलं जमेना. दुसरं जमेना. त्यांना हायसं वाटायला लागलं. पाचवं टोक लावलं आणि दोन्हींकडच्या लाकडाच्या वाढीच्या रेषा एकमेकींत जाऊन मिळाल्या. एका बारीक गाठीचा अर्धा भाग इकडे होता, अर्धा तिकडे.

काका स्टुलावर बसले. खोलवरचाच ठोकळा समुद्रात गेला होता, आणि वरचा खोलवरच्या टबात आला होता. त्यांच्याच हातून.

दार वाजलं. "काका, आत आहात का?" मॅडमचा आवाज.

त्यांनी दोन्ही ठोकळे फडक्याखाली सरकवले. "आहे, आहे. हत्यारं घासतोय."

"छान! मी आत्ताच बैठकीत सांगून आले. सगळे अवाक झाले!"

बुधवारी सकाळी चहाचा कप तसाच गार झालेला पाहून बायकोनं शिलाई मशीन थांबवलं. ती घरी कपडे शिवायची आणि नवऱ्याचं गप्प बसणं तिला लांबूनही ऐकू यायचं.

"काय झालंय? दोन दिवस तुम्ही आमटीत मीठ नाही तरी बोलला नाहीत."

काकांनी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "बाईंना सांगितलंत?"

"अगं, त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलंय. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना एवढं हसताना बघतोय. आणि मी काय सांगू, की म्हातारा उलट्या करत होता, त्यात घोळ झाला? पुढच्या वेळी मला जहाजावर कोण घेईल?"

"नाही घेतलं तर नाही घेतलं."

"तुला सोपं आहे बोलायला."

"सोपं नाहीये," ती म्हणाली. "पण मी एकदा मापात चुकले, तर गिऱ्हाईक समारंभाला निघायच्या आधी सांगितलं. घालून गेल्यावर सांगण्यात काय अर्थ होता?"

काका तरी बुधवारी बोलले नाहीत. तीनदा मॅडमच्या टेबलापर्यंत गेले आणि तीनदा काहीतरी विचारून परत आले. कागद हवाय का, खिडकी लावू का, दिवा नीट आहे का. तिसऱ्यांदा मॅडमनी हसून विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

गुरुवारी सकाळी दहा वाजता ते दोन्ही ठोकळे घेऊन गेले आणि मॅडमच्या टेबलावर एकमेकांना लावून ठेवले.

"मॅडम, हे बघा. हा आठवा, आणि हा वरच्या सांगाड्यातला. ही गाठ बघा."

मॅडमनी पाहिलं. आधी काकांकडे, मग ठोकळ्यांकडे. त्यांनी बोटानं रेषा चाचपली, ठोकळे वेगळे केले, पुन्हा लावले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"हे एकाच फळीचे आहेत?"

"हो. डेकवर माझ्याकडून अदलाबदल झाली. गेला तो खोलवरचा होता."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "शंका सोमवारी आली. मंगळवारी नक्की कळलं."

"मंगळवारी?" मॅडमचा आवाज चढला. "आणि आज गुरुवार आहे! तुम्ही दोन दिवस माझ्यासमोर दिवे बघत फिरत होतात? चूक कुणाकडूनही होते काका, पण दोन दिवस!"

मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग फोन उचलून त्यांनी अहवाल थांबवल्याचं कळवलं. पलीकडून काय विचारलं ते काकांना ऐकू आलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "नमुन्यात चूक सापडली. आम्हालाच सापडली."

फोन ठेवून त्या वळल्या. "आता बाकीच्यांचं काय? त्यातला कुठला कुठे गेला नाही, हे मी कशावरून धरू?"

तोच प्रश्न काकांना दोन दिवस छळत होता. "फळ्या जोडून बघू," ते म्हणाले. "सगळ्या."

कार्यशाळेची जमीन झाडून दोघं खाली बसले. तेवीस ठोकळे, काही फोडून पार तुकडे झालेले. काका टोकं जुळवायचे, मॅडम भिंगातून रेषा तपासायच्या. कामापलीकडे त्या एक शब्द बोलत नव्हत्या. पहिली फळी दुपारपर्यंत लागली, आठव्यासकट आठही ठोकळे. दुसरीतला एक तुकडा कुठेच बसेना, तेव्हा काका तो पुन्हा पुन्हा लावून बघू लागले. मॅडमनी तो हातात घेतला आणि उलटा फिरवला. लगेच बसला.

"उलटा धरला होतात," त्या म्हणाल्या. आवाज अजून कोरडाच होता, पण काकांनी 'मॅडम, भिंग द्या' म्हटल्यावर त्यांनी भिंग हातात ठेवलं, जमिनीवर नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिसरी फळीही पूर्ण झाली, आणि तिच्यात बरोबर एका ठोकळ्याची जागा रिकामी राहिली. बाकी सगळे जिथल्या तिथे होते. तीन फळ्या, तीन जाती, आणि एकीनंही दुसरीची हद्द ओलांडलेली नव्हती. मॅडमनी त्या भोकाभोकांच्या फळ्यांवरून हात फिरवला.

"एवढं स्वच्छ वाटप कुणी दाखवलं नसेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काकांकडे न बघता, "पण माझा जीव त्या दुसऱ्या शोधावर बसला होता हो."

"माहितेय," काका म्हणाले.

अहवाल दोन महिन्यांनी गेला. मधल्या काळात मॅडम नीट बोलायच्या, पण हातावर सगळं काम उभं असल्याचं पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. पुढच्या मोहिमेसाठी ठोकळे कापायला सांगितलं, तेव्हा नंबर तापल्या सळीनं टोकात डागायचे असं ठरलं. जहाजावर कोण जाणार, हे मात्र त्या बोलल्या नाहीत, आणि काकांनीही विचारलं नाही. यादी नोटीस बोर्डावर लागायची होती. रोज सकाळी कार्यशाळेत शिरायच्या आधी काका तिथे थांबून चष्मा पुसायचे आणि बोर्ड वाचून आत जायचे.