मूळ नसलेले केस

चिमीच्या उशीवर रोज केसांचे तुकडे पडलेले असत. मूळ मात्र एकाही तुकड्याला नसे. चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मागच्या बाजूला नुसते खुंट उरले होते.

चिमीची आई गिरणीत सूत तपासायची. सूत तुटलं की आधी यंत्राकडे बघायचं, सुताकडे नंतर, हा तिथला दंडक. घरातही तिने तेच केलं. चिमीला दिवसभर कोण सांभाळतं? नणंद. बारा महिने डोक्याला रुमाल बांधणारी, कोणासमोर केस न सोडणारी. पोरीच्या केसांवर डोळा ठेवून ती ते कापत असली तर?

एकदा ती लवकर घरी आली. नणंद दुपारची चिमीशेजारी झोपली होती आणि तिने हातांत सुती हातमोजे घातलेले होते.

"थंडी वाजत असेल ताईला," रात्री हे ऐकून नवरा म्हणाला.

"या उकाड्यात?"

"मग काय, माझी बहीण चोर आहे?" त्याने आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आमच्या घराण्यात केस टिकत नाहीत. डोकं टिकतं, हेच नशीब."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता तिने नणंदेला सांगितलं, "ताई, चिमीला पाळणाघरात घालतेय. तुम्हालाही जरा मोकळीक."

"बरं," नणंद म्हणाली. "मी गावी जाते मग."

कारण विचारलं नाही की भांडली नाही. चिमीच्या आईला वाटलं, खोटा आळ आला तर माणूस घर डोक्यावर घेतं. ही गप्प, म्हणजे मन खातंय. आता नवऱ्याच्या पुढ्यात पुरावा टाकायचा तेवढा राहिला. तिने उशीवरचे तुकडे पुडीत बांधून गिरणीत नेले. कात्रीने कापलेलं टोक सपाट दिसतं, ते तिला मायक्रोस्कोपखाली हवं होतं.

टोकं सपाट नव्हती. केसच एकसारखा नव्हता. जाड, बारीक, जाड, बारीक, जणू मणी ओवलेले. आणि प्रत्येक तुकडा बारीक जागीच तुटलेला. असं सूत आलं असतं तर तिने अख्खा माल परत पाठवला असता.

ती पुडी आणि चिमीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरबाईंनी केस पाहिले, चिमीच्या मानेवरचे बारीक फोड पाहिले.

"केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो," त्या म्हणाल्या. "त्या प्रथिनाची कृती जनुकात असते. केसाच्या केराटिनच्या जनुकात चूक असली, की असा मण्यामण्यांचा केस उगवतो. उशीला घासला तरी तुटतो. नक्की करायला तपासणी करू. बहुतेक वेळा हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं. घरात आणखी कोणाचे केस असे आहेत?"

तिला नवऱ्याचं तुळतुळीत डोकं आठवलं. मग तो रुमाल.

घरी नणंद बॅग भरत होती. घड्या केलेल्या कपड्यांवर हातमोजे ठेवले होते.

"ताई, हे कशाला घालता?"

नणंदेने मोजे बॅगेत कोंबले. "लहानपणी मी झोपेत केस उपटायचे. आई सांगायची. हात बांधून निजवायची मला." तिने बॅगेचा पट्टा ओढला. "पोरगी माझ्या कुशीत झोपते. मला वाटलं, आता झोपेत तिचे उपटत असेन... म्हणून मोजे घातले. तरी गळतच होते. तू हाकललंस ते बरंच केलंस."

चिमीची आई तिच्याजवळ पलंगावर बसली. "उपटलेल्या केसाला मूळ असतं, ताई. उशीवरच्या एकालाही नव्हतं. मी रोज बघत होते, आणि तरी..." ती नणंदेकडे वळून म्हणाली, "तुमचा एक केस द्या."

नणंदेने रुमाल सोडला. आत चिमीसारखेच खुंट होते. "तूच घे," ती म्हणाली. "मी हात लावत नाही."

तिने नखकात्रीने एक खुंट कापला, पर्समधलं सूत मोजायचं भिंग काढलं आणि खिडकीशी गेली. जाड, बारीक, जाड. तिने भिंग नणंदेच्या हातात दिलं.

नणंद एक डोळा मिटून बघत राहिली. "म्हणजे मी नाही?"

"नाही. लहानपणीही नाही."

नणंदेने भिंग खाली ठेवलं नाही. दुसऱ्या हाताने तिने बॅगेतले मोजे चाचपले. "मग यांचं काय करू?"

"राहू देत कपाटात," चिमीची आई बॅग रिकामी करत म्हणाली. "थंडीत लागतील."