नऊ दिवस रांगेत

आमच्या नानाजीनं तेहतीस वर्षं हिंगणघाटच्या टेलिफोन ऑफिसात लोकायचे फोन जोडले, पण घरात दोन माणसं जोडता नाई आले या माणसाले. मी आनंदाबाई, त्यायची बायको, म्हणून मले बोलाचा हक्क हाय. रिटायर होऊन अल्लीपूरले आले, तं वावरात वांगे-भेंडी पाहाचं सोडून यंदाच्या उन्हाळ्यात घरात एक काळा डब्बा आणला. दिवसभर घुंईं करते. लाईट गेली का इन्व्हर्टर माह्या फ्रिजले नाई, त्याले. म्हणे, हे आपलं सर्व्हर हाय.

"कायले जी हे?" मी इचारलं.

"आपल्या घरचं पोस्ट समज. आपल्या आडनावाचा पत्ता घेतला मी. त्याच्यावर तुह्या नावानं कोणी ईमेल धाडला, का तो आधी या डब्ब्यात येईन, अन् इथून सरळ तुह्या मोबाईलवर जाईन."

"मले कोण धाडते?"

हे डब्ब्यावरची धूळ पुसाले लागले. उत्तर टाळाची तं यायले जुनीच सवय हाय.

मले लिहीन अशी एकच होती, अन् तिले मीच तोडलं होतं. आमची अंकिता. आर्वीच्या अनुपसंग लग्न ठरवलं, तं बापाले आधी सांगतलं अन् मले लग्नाच्या रजिस्टर ऑफिसात सह्या झाल्यावर. पोरगा चांगला हाय, त्याच्यात माहं काही म्हणणं नव्हतं. पण नऊ महिने पोटात मी वागवली, अन् मलेच मागून? उचलली जीभ अन् लावली टाळूले. म्हटलं, "आजपासून मले आई म्हणू नको."

पोरगी माहीच. तिनं दोन वर्षं आई नाई म्हटलं. दर इतवारी बापाले फोन करे. मी तवा मुद्दाम भांडे आपटो, म्हणजे तिले कळलं पायजे का माय घरातच हाय. वर्धेवरून एसटी धरली तं तीन तासात आर्वी येते. पण ना मी गेली, ना ते आली.

चैतात यायनं सांगतलं का तिले दिवस गेले. मी "बरं" म्हटलं अन् मागच्या आंगणात जाऊन पोटभर रडली. पहिलं बाळंतपण माहेरी होते, सातव्यात पोरीले घरी आणतात. पण कोणत्या तोंडानं आणू?

यंदाच्या पोळ्याले अंकिताचा फोन नाई आला. सणाच्या दिवशी ते कधी चुकत नसे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरून राह्यले होते, तरी फोन नाई. मी ओसरीत हिरव्या संभाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. नानाजी आत डब्ब्यापाशी जाऊन बसले अन् बाहेर आले तं चेहरा उतरलेला.

"पत्र डब्ब्यातल्या रांगेत अडकलं हाय," हे म्हणे. "अंकिताचं. तुले लिहिलेलं. नऊ दिवसांपासून."

माह्या हातातली जुडी तशीच राह्यली. "काय लिहिलं हाय?"

"मी नाई वाचलं."

"मंग उघडा ना आता."

"टेलिफोनात आमाले एकच शिकवलं होतं. लाईन जोडली का कानावरचं यंत्र काढाचं. दुसऱ्याचं ऐकाचं नाई."

"अहो, पण ज्याचं हाय ते मीच सांगून राह्यली ना, उघडा म्हणून."

"पाच मिनिट थांब. तुह्याच हातात येते."

पाच मिनिटाचा एक तास झाला. मी त्यायच्या डोक्याशी उभी, अन् हे बोटबोट टाईप करून राह्यले. काय बिघडलं ते शेवटी कबूल केलं. माहा ईमेल ज्या कंपनीत हाय, ते इचारते, पत्र अंकिताच्या नावाचं, पण आणून देणारा कोण? यायनं पाकिटावर सोताचं नावच टाकलं नव्हतं. यायले वाटलं, मधल्या माणसानं आपलं नाव कायले लावाचं. म्हणून कंपनी दर वेळी म्हणे, नंतर या. अन् गावात नेट जाते-येते म्हणून यायनंच डब्ब्याले सांगून ठेवलं होतं का पत्र वापस करू नको, महिनाभर धाडत राह्य. तिकडं पोरीले वाटलं, पोचलं.

"तुमी जिंदगीभर हेच केलं," मी म्हटलं. "मधी उभं राहाचं अन् नाव नाई टाकाचं. दोन वर्षांत एकदा तरी म्हटलं का मले, आनंदा, तुहं चुकलं म्हणून?"

यायनं मान खाली घातली. "बोलाले पायजे होतं," म्हणे. "हिंमत नाई झाली. म्हणून तं हा पत्ता काढला. तिले म्हटलं, आईले लिही, मधी मी वाचत नाई."

तवा मले समजलं, तीन महिने हा माणूस त्या डब्ब्यापुढं कायच्यासाठी बसला होता. राग तं होताच, पण त्यायच्या पाठीवर हात ठेवावा वाटला. मी ठेवला.

मंग यायनं पाकिटावर सोताचं नाव टाकलं, अन् माह्या मोबाईलवर वाजलं. पत्र लहानसंच होतं.

"आई, तू म्हणू नको म्हटलं होतं, पण दुसरं काय म्हणू? मले सातवा लागला. इथं सारे चांगले हाय, पण मले तुह्यापाशी यावं वाटते. बाबाले नाई, तुले इचारून राह्यली. येऊ का? पोळ्यापर्यंत वाट पाहीन. तुहं उत्तर नाई आलं तं समजीन का तू नाई म्हटलं. मंग पुन्हा कधी नाई इचारणार."

पोळा काल झाला होता.

मी फोन लावला. तीनदा वाजून वाजून बंद झाला, चौथ्यांदा लागलाच नाई. मी लुगडं बदललं.

"मी जातो आणाले," हे म्हणे. "बापच जात असते."

"तोडलं मी, अन् आणाले तुमी? चला सोबत, पण बोलीन मी."

वर्धेवरून आर्वीची एसटी धरली. मी मनातल्या मनात साऱ्या देवायले हात जोडत होती का पोरीनं दार तं उघडावं.

दार अनुपनं उघडलं. काही इचारलं नाई, वाकून पाया पडला अन् यायले घेऊन बाहेरच्या खोलीत बसला. अंकिता आत खाटेवर होती. पाय सुजले होते, चेहरा सुकला होता.

"तू नाई म्हटलं ना," तिनं तोंड भिंतीकडं केलं. "मंग कायले आली?"

"पत्र मले आज भेटलं. तुह्या बापाच्या डब्ब्यात पडून होतं." मी खाटेच्या काठावर टेकली. "अन् काय वं, तू माही पोरगी, तुले एवढंही नाई समजलं? मी गप्प बसून कधी कोणाले नाई म्हटलं काय? मी नाई म्हटलं तं चार घरं ऐकतात."

ते हसली. हसता हसताच रडाले लागली अन् मले धरून म्हणे, "आई."

"चुकलं माहं," मी म्हटलं. "त्याच दिवशी चुकलं होतं, बेटा. सांगाले दोन वर्षं लागले."

लय वेळानं तिनं सोडलं. तवा मले खाटेखाली रिकामी बॅग दिसली अन् उशापाशी कपड्याचा ढीग. मी इचारलं, हे काय.

"पत्र धाडलं त्या दिवशीच भरली होती," ते म्हणे. "आज सकाळी काढले सारे."

मी खाली बसली, बॅग ओढली अन् एकेक कपडा घडी करून आत ठेवाले लागली.

"किती दिवसाचे भरतं, आई?"

"सारे," मी म्हटलं.