काना-मात्रेचाही फरक नाही

मावशीचे डोळे वाचावेत म्हणून मी तो प्रोग्राम लिहिला आणि झालं भलतंच. तिची खुर्चीच जायची वेळ आली.

मावशी छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासते. परवा डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे, डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केलीय. पण घरी बसेल ती मावशी कसली? आपल्या खुर्चीत येऊन बसलीच. माझा प्रोग्राम जुना मजकूर आणि नवा मजकूर शब्दाशब्दानं ताडून फरक दाखवतो. आज सकाळी त्याला पहिलंच खरं काम मिळालं, लहान मुलांच्या औषधाचं माहितीपत्रक. मालकांनी बटण दाबलं. फरक शून्य.

"बघा, काना-मात्रेचाही फरक नाही," मालक खूश झाले. "ताई, आता तुम्ही आरामच करा. पट्टी सुटली तरी."

मावशीचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

"शून्य कसा?" ती म्हणाली. "कंपनीचा पत्ता बदलला म्हणून तर नवं पत्रक काढताहेत. निदान पत्त्याचा फरक दिसायला नको?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. पान खाली मशीनवर गेलेलं होतं, छपाईला जेमतेम दहा मिनिटं होती. मी प्रोग्राम उघडला आणि पाचव्या मिनिटाला कपाळावर हात मारून घेतला.

शब्द तोडताना 'कितीही अक्षरं घे' असं मी त्याला सांगितलं होतं. कितीही म्हणजे एकही नसलं तरी चालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यात तो शहाणा काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षरच मानत नव्हता. पत्रकातल्या 'रिकाम्या' या शब्दातला र घेतला, पुढे वेलांटी दिसली, हाती शून्य अक्षरं आली. हात रिकामा म्हणजे ओळ संपली, असंही मीच शिकवलेलं. मग काय, पत्त्याची ओळ असो की दुसरी कुठली, उरलेली न वाचताच 'सारखं आहे' म्हणून मोकळा. एका दाराला कुलूप दिसलं की अख्खी गल्ली सोडून परत फिरणारा मीटरवाला जसा. आणि मी चाचणी कशावर घेतली होती? 'घर बघ', 'गवत बघ'. एक काना नाही की वेलांटी नाही.

घड्याळ पळत होतं, पण मजाही येत होती, खोटं कशाला बोलू. काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांना अक्षरांत घेतलं. हाती काही आलं नाही तर एक पाऊल पुढे सरक आणि शोधत राहा, असं बजावलं. बटण दाबलं.

फरक दोन. पहिला पत्ता. दुसरा, जुन्यात 'रिकाम्या पोटी न देणे', नव्यात 'रिकाम्या पोटी देणे'.

जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. मशीन नुकतंच फिरायला लागलं होतं. मी इतक्या जोरात ओरडले की मशीनवाल्यानं आधी ते बंद केलं आणि मग विचारलं काय झालं.

वर आले तर मालक घाम पुसत होते. "आता पक्का झाला ना तुझा प्रोग्राम?"

हो म्हणणं सोपं होतं. "झाला," मी म्हणाले, "पण शून्य आला की संशय घ्यायचा, हे त्याला येत नाही. मावशीला येतं."

मालकांनी प्रूफ मावशीपुढे ठेवलं. "सही तुमचीच लागेल, ताई."

मावशीनं ते चाचपलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"पट्टी सुटेपर्यंत तू वाच, मी ऐकते. मोठ्यानं वाच, आणि काना-मात्रा खाऊ नकोस."