एकशे बारा नंबरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, मित्रांनो. जुन्या रुपयाएवढा गोल, वर दोऱ्यासाठी एक भोक आणि मधोमध एकशे बारा हा आकडा. आकडा ठोकताना कारागिराचा हात हलला, म्हणून माझ्यावरचा दोन जरा कलंडलेला आहे. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची.

पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये माझी नेमणूक झाली. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. तिथे फाटकाशी एक लाकडी फळी होती आणि तिच्या खिळ्यांना आम्ही दीडशे बिल्ले लटकलेलो असायचो. कामगाराने सकाळी आपला बिल्ला काढून घ्यायचा, सुट्टी झाली की परत अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस आत. नोकरी सोडताना आधी बिल्ला जमा करायचा, मगच हिशेब, असा तिथला कायदा होता. तो मोडणाऱ्यांना आम्ही बिल्ले नावे ठेवायचो. आपल्यावरही कधी तीच पाळी येईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी होते!

मी केळापूरच्या मथुराबाईच्या वाट्याला आलो. ती यंत्रात कापूस टाकायची. काळ्या दोऱ्याने मला पदराच्या टोकाला बांधायची आणि फळीवर अडकवण्याआधी माझ्यावरची रुई पुसायची. इतर बिल्ले काळवंडले, मी मात्र सोन्यासारखा लखलखत राहिलो. आठ हंगामांत ती एकदाही उशिरा आली नाही. हेडक्लार्क नंदकिशोरबाबू तर म्हणायचे, "एकशे बारा फाटकात शिरला की मी घड्याळ लावून घेतो." हे ऐकून माझी छाती फुगायची. कौतुक तिचे होते, पण मिरवायचो मी.

मग कापसाचे वाईट दिवस आले. फाटकाशी लागणारी गाड्यांची रांग आखूड झाली आणि फळीवरचे कितीतरी बिल्ले दिवसभर खिळ्यालाच राहू लागले. अशातच एका दुपारी निरोप आला की, मथुराबाईचा नवरा उकंडा ज्या ट्रकवर हमाली करत होता, तो ट्रक आदिलाबादजवळ उलटला. मथुराबाई हातातला कापूस टाकून तशीच धावत सुटली. हायवेवर हात दाखवून एका ट्रकमध्ये चढली. ना कोणाला सांगितले, ना सुट्टी मागितली. मी पदराला बांधलेलाच होतो.

दवाखान्यात उकंडाजवळ बसल्यावर तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "अवं माय, हा तं संगच आला!" ती कपाळावर हात मारून म्हणाली.

उकंडाचे दोन्ही पाय मोडले होते. त्याला पुन्हा उभे करायला दीड वर्ष लागले. त्याच काळात जिनिंगला कुलूप लागले. मथुराबाई हायवेवरच्या ढाब्यावर भाकरी थापू लागली. तिने उकंडाला सांभाळले, लेकीला, दीपमालेला, शिकवले, कोणापुढे हात पसरला नाही. अशी बाई मी पाहिली नाही, मित्रांनो. मला मात्र तिने डाळीच्या डब्यात तळाशी टाकले. मी काळा पडलो. तिला माझा राग आला असेल, असे वाटून मनातल्या मनात झुरत राहिलो.

चार वर्षांनी दीपमाला बारावी झाली. यवतमाळला नर्सिंगला तिचा नंबर लागला. अर्धी फी मथुराबाईने कशीबशी भरली. बाकीची दिवाळीपर्यंत भरायची होती, नाहीतर जागा जाणार होती.

"आई, तुया पगारातून कापलेला जिनिंगचा फंड कुठी हाये?" दीपमालेने एक दिवस विचारले.

"बुडाला तो."

"काहून?"

"न सांगता नोकरी सोडली ना मी. त्यात बिल्ला घेऊन आली. चोरीच झाली ते. कोणत्या तोंडानं मागू?"

तेव्हा मला कळले. तिला माझा राग नव्हता, तिला लाज वाटत होती. माझ्या कलंडलेल्या दोनाची मला वाटायची तशीच, उगाच!

"मंग चाल, बिल्ला देऊन येऊ," दीपमाला म्हणाली. तिने मला डब्यातून काढले आणि चिंचेने घासले.

नंदकिशोरबाबू आता निवृत्त झाले होते. मथुराबाई त्यांच्या दारात खाली मान घालून उभी राहिली. "बाबू, आधी हा जमा करून घ्या. मंग काय बोलाचं थे बोला."

दीपमालेने फंडाचे विचारले, तसे बाबू हसले. "अहो मथुराबाई, न सांगता गेलात म्हणून मालक फार तर रागावला असता. फंड तुमच्या घामाचा आहे. तो असा कोणाला बुडवता येत नाही."

त्यांनी कपाटातून रजिस्टर काढले. जिनिंगची रद्दी निघाली तेव्हा त्यांनी ते मुद्दाम जपून ठेवले होते. त्यात केळापूरच्या दोन मथुराबाई निघाल्या. घाईत कोणी नवऱ्याचे नावच लिहिले नव्हते. एकीने फंड कधीच काढून नेला होता. दुसरीच्या नावापुढे लाल शाईत लिहिले होते, 'क्रमांक ११२. बिल्ला जमा नाही.'

बाबूंनी मला उजेडात धरले. "हाच तो! कलंडलेला दोन! दुसरी मथुराबाई तुम्हीच, याचा याहून मोठा पुरावा कोणता?"

"मंग घ्या जमा."

"आत्ता घेतला तर फंडाच्या कचेरीत काय दाखवाल? पैसे मिळेपर्यंत तुमच्याजवळच ठेवा."

"उधारीवर ठेवतो मंग," ती नाराजीनेच म्हणाली.

जिनिंग बंद पडलेली, म्हणून अर्जावर मालकाऐवजी बँकेच्या साहेबांनी सही केली. कचेरीत मला टेबलावर ठेवले, रजिस्टर उघडले. दोन खेपा झाल्या आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी फंड जमा झाला, व्याजासकट.

फी भरून मथुराबाई थेट बाबूंकडे आली आणि मला त्यांच्यापुढे ठेवले. बाबूंनी लाल शाईची ती ओळ खोडली आणि कागदावर रीतसर पावती लिहिली. दीपमालेने ती मोठ्याने वाचली, "बिल्ला क्रमांक एकशे बारा जमा. मथुराबाईंकडे काही येणे नाही." ट्रक उलटल्याचा निरोप ऐकून जी रडली नव्हती, ती मथुराबाई हे ऐकून पदरात तोंड घालून रडली.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपा आणि वेळेवर परत करा. पण आपल्या हक्काचे मागायला लाजू नका. लाजेपायी चार वर्षे डब्यात काढलेला मी तुम्हाला हे सांगतो आहे.

आता मी बाबूंच्या घरी भिंतीवर एका खिळ्याला असतो. परवा दीपमाला पेढे घेऊन आली होती. सरकारी दवाखान्यात लागली ती. तिच्याही छातीवर एक बिल्ला होता, नवाकोरा. मी निरखून पाहिले. त्याच्यावर आकडा नव्हता. तिचे पूर्ण नाव होते, आणि मधले नाव उकंडा.