नाव पदरचं, जाळ तिचा

या, असे जवळ सरका, जाजमावर जागा आहे. एका बाईची गोष्ट सांगतो, जिचं नाव कुणालाच माहीत नाही.

आमच्या गुहागरची अक्षया शाळेत शिकवते. तिला एका जुन्या कागदात एक ओळ सापडली: वादळात तांडेलाच्या बायकोने तीन दिवस टेकडीवर जाळ पेटता ठेवला, म्हणून पाच गलबतं किनाऱ्याला लागली. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. त्याचं नाव होतं, पाचही गलबतांची होती, तिचं नव्हतं. अक्षया कादंबरी लिहायला बसली आणि तिथेच अडली. दोन वर्षं.

"ठेव की एखादं नाव," मी म्हटलं.

"काका, तिला तिचं नाव होतं. मी दुसरं ठेवलं की लोक तेच खरं धरणार. म्हणजे ती परत एकदा पुसली जाणार."

तिला रावजीबुवांच्या कीर्तनाला घेऊन गेलो. बुवांचं आख्यान रंगलं की बायका पदराने वारा घ्यायच्या थांबतात. अक्षया मात्र त्यांच्या हातांकडे बघत होती. बुवा मध्येच चिपळ्या खाली ठेवत, थोडं सांगत, पुन्हा उचलत. चाळीस वर्षं ऐकतोय मी; मला वाटायचं, हात दुखत असतील.

कीर्तन संपल्यावर तिने विचारलंच. बुवा हसले.

"अगो, बखरीत आहे तेवढं चिपळ्यांवर. माझ्या पदरचं आलं की हात रिकामे. देवासमोर उभा असतो ना मी."

"मग पदरचं घालताच कशाला?"

"नुसती सनावळी ऐकून कोण रडलंय?"

"आणि पुस्तकात चिपळ्या कुठे ठेवू?"

"ते तू शोध. बुवा मी, लेखिका तू."

पुढच्या माघात पुस्तक आलं. पहिल्या पानावर एवढंच: 'मैना हे नाव माझ्या पदरचं. जाळ तिचा.'

बुवांनी तेच आख्यानाला घेतलं. मैनेचं नाव आलं तेव्हा चिपळ्या खाली ठेवल्या. जाळ पेटला तेव्हा उचलल्या. शेजारी अक्षया डोळे पुसत होती. मेलेल्या माणसाचा इतका मान राखून लिहायचं, याला मी तरी भक्तीच म्हणतो.

आता घरी जाताना समुद्राकडे तोंड करून क्षणभर थांबा. तिला मैना म्हणा, चालेल. फक्त म्हणताना हातातला फोन खाली ठेवा, आणि त्या बाईची आठवण असू द्या.