नदीपलीकडचा पत्ता

व्हर्ना पेट्रिचने ते पाकीट आईला न दाखवता आठवडाभर पिठाच्या डब्यामागे दडवलं होतं. कॅन्सस राज्याच्या कर खात्याचं. तीन वर्षांची तुमची विवरणपत्रं आमच्याकडे नाहीत, तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर घरावर बोजा चढवू. घर आईचं, कागदोपत्री आता व्हर्नाच्या नावावर. आणि आई कंबर मोडून त्याच घराच्या पुढच्या खोलीत पडून होती.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी, चर्चच्या तळघरात एकीकडे मासे तळले जात, दुसरीकडे निवृत्त पोस्टमन लिओ द्रागोश लोकांचे कराचे कागद फुकट भरून देई. व्हर्नाने ताटलीला हात लावला नाही.

"मी दर वर्षी भरते, लिओ," ती हळूच म्हणाली. "माझी बेकरीतली नोकरी नदीपलीकडे, मिझुरी राज्यात. पगारातून मिझुरीचा कर कापतात. मी कधी चुकवला नाही."

लिओने कागद चाळले. "हा पत्ता कुणाचा गं?"

"माझ्या नि स्टॅनच्या मिझुरीतल्या फ्लॅटचा. स्टॅन गेला, त्याच आठवड्यात मी इकडे आईकडे आले."

"मग तीन वर्षं तोच पत्ता?"

"फॉर्म स्टॅनच भरायचा. त्याचा शेवटचा कागद समोर ठेवून मी ओळीन् ओळ उतरवते. आकडे तेवढे बदलते."

"बाई, नवऱ्याची आठवण म्हणून लोक घड्याळ ठेवतात. तू त्याचा टॅक्सचा फॉर्म ठेवलास." लिओ हसला, पण लगेच थांबला. "खाली सही कशावर केलीस, वाचलंस?"

तिने वाचलं. वरचं सगळं खरं आहे, अशी शपथ.

"म्हणजे मी तीनदा खोटी शपथ घेतली?"

"चुकून घेतलीस. पण आता गप्प बसलीस, तर मुद्दाम घेतली म्हणतील. आधी मिझुरीला कळवायचं, मी तुमच्याकडे फक्त कामाला येते, राहत नाही. मग कॅन्ससला सगळी कमाई दाखवायची आणि तिकडे भरलेला कर वजा करून मागायचा. थोडा फरक निघेल. वर दंड, व्याज."

"आणि घर?"

"उत्तर वेळेत गेलं तर सहसा घरापर्यंत जात नाहीत."

"सहसा?"

"मी पोस्टमन होतो गं, देव नव्हे."

लिओने पुढे केलेल्या कॅन्ससच्या फॉर्मवर एक चौकट होती: कॅन्ससमध्ये कधीपासून राहता? पेन तिथेच अडलं. ती तारीख तिने आजवर कुठेच लिहिली नव्हती. जुन्या फॉर्मवर तरी ती अजून स्टॅनबरोबर राहत होती. तिने स्टॅनच्या दफनानंतरचा दिवस लिहिला आणि सही केली.

घरी आई जपमाळ ओढत होती. व्हर्ना कोट न काढताच पलंगाच्या कडेला बसली.

"आई, घराचं एक सांगायचंय."

आईच्या बोटांतला मणी पुढे सरकला नाही.